पिअरवर आडवा भार ५० किलोन्यूटन, मग आत शिअर ३४५ कसा?

उभाखांब

नमस्कार. एका पोलादी मोनोपोलखाली (एकाच दांड्याच्या उंच खांबाखाली) एकच ड्रिल्ड पिअर, म्हणजे जमिनीत भोक खणून ओतलेला काँक्रीटचा गोल पाया, द्यायचा आहे. भार जवळजवळ सगळा वाऱ्याचा. सर्व्हिस पातळीला (प्रत्यक्ष वापरातला, न वाढवलेला) आडवा भार ५० किलोन्यूटन, तोही जमिनीपासून १८ मीटर उंचीवर, म्हणजे पिअरच्या माथ्यावर मोमेंट (वाकवणारा जोर) ९०० किलोन्यूटन-मीटर. उभा भार नगण्य. माती एकसंध घट्ट चिकणमाती, अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंग्थ (पाणी निचरायला वेळ न मिळता मातीची कापलं जाण्याला विरोध करण्याची ताकद) ७५ किलोपास्कल, भूजल पिअरच्या तळाच्या खाली. बेसप्लेटमुळे व्यास १.२ मीटरच्या खाली नेता येत नाही. काँक्रीट एम३०, सळई एफई ५०० (ताकदीच्या श्रेणी).

आधी ब्रॉम्सच्या पद्धतीने (आडव्या भाराच्या पाइलसाठीची) हातानं गणित केलं. भार दुप्पट धरला (सुरक्षा गुणांक २), वरची दीड व्यास माती सोडून दिली. लांबी ५.०६ मीटर आली, ती ५.१ केली. मग तोच पिअर पी-वाय प्रोग्रॅममध्ये (जो माती म्हणजे खोलीभर लावलेल्या आडव्या स्प्रिंग असं धरतो) सर्व्हिस भारावर चालवला. मोमेंट वरून ९०० ने सुरू होऊन पाऊण मीटर खोलीवर ९२५ होतो आणि तिथून उतरत जातो. हे समजलं.

शिअरचा (छेद आडवा कापू पाहणाऱ्या बळाचा) आलेख मात्र समजत नाही. तो वर ५० ने सुरू होतो, पाऊण मीटरला शून्य होतो, मग उलट्या दिशेने वाढत जाऊन साधारण ३.४ मीटर खोलीवर ३४५ किलोन्यूटनपर्यंत जातो. बाहेरून लावलेला भार ५० आणि आत त्याच्या सातपट शिअर!

ऑफिसातले वरिष्ठ म्हणतात, हा प्रोग्रॅमचा खेळ आहे, शिअरसाठी माथ्यावरचाच भार घे आणि ८ मिमीच्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या सळ्या) ३०० मिमीवर टाक. मला ते पटत नाही, पण चूक कुठे आहे तेही दाखवता येत नाही.

दुसरी शंका: सळई किती द्यायची आणि ती कुठे कमी करायची? आणि भेगाळलेल्या काँक्रीटची स्टिफनेस (ताठपणा) धरायची की पूर्ण?

---

खोलपाया

आकडा खरा आहे आणि तो डिझाइनमध्ये धरायलाच हवा. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आखूड, जाड पिअरमध्ये दर वेळी येतो आणि दर वेळी ५० कडे बोट दाखवून मिटवला जातो.

थोडा वेळ ५० बाजूला ठेवा आणि ९०० कडे बघा. पी-वाय मॉडेलमध्ये माती पिअरला फक्त आडवं ढकलू शकते. मोमेंट पेलायचा तर मातीला दोन विरुद्ध बळांची जोडी उभी करावी लागते: वरच्या भागात एका दिशेने, तळाकडे उलट्या दिशेने. जमिनीत रोवलेली पहार वरून ओढली की ती मधल्या कुठल्यातरी बिंदूभोवती फिरते, तसंच हे. या दोन बळांमधलं अंतर पिअरच्या लांबीपेक्षा मोठं असूच शकत नाही, प्रत्यक्षात ते बरंच कमी असतं. ९०० ला जेमतेम अडीच-तीन मीटरने भागलं की प्रत्येक बळ ३०० च्या वर जातं. पिअर ज्या पातळीभोवती फिरतो, तिथे वरचं सगळं बळ जमा झालेलं असतं आणि खालचं अजून सुरू व्हायचं असतं. शिअर तिथेच सर्वांत मोठा. त्यात प्रोग्रॅमची करामत काही नाही, हा साधा समतोल आहे.

वरिष्ठांना दाखवायला हातचं गणित देते. पिअर ताठ आहे आणि मातीची स्टिफनेस खोलीभर सारखी आहे असं धरा. मग दाब वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत बदलतो, दोन त्रिकोण तयार होतात, त्यांच्या केंद्रांमधलं अंतर लांबीच्या दोन तृतीयांश. नुसत्या मोमेंटसाठी शिअर येतो मोमेंटच्या दीडपट भागिले लांबी: १.५ गुणिले ९००, भागिले ५.१, म्हणजे २६५. त्यात ५० चा आडवा भार घालून समतोल मांडलात तर साधारण २८०.

आता मातीची स्टिफनेस वर शून्य आणि खोलीबरोबर वाढत जाणारी धरा. वरची माती कमी साथ देते, म्हणून फिरण्याचा बिंदू खाली सरकतो, लांबीच्या ०.६८ पटीवर. तुमच्या पिअरमध्ये ते ३.४७ मीटर. तिथला शिअर येतो ३४६. प्रोग्रॅमने नेमकं हेच सांगितलंय. घट्ट चिकणमातीचे पी-वाय वक्र पृष्ठभागाजवळ कमकुवत असतात, त्यामुळे तुमचं उत्तर या दुसऱ्या गृहीतकाजवळ आलं. एका कागदावर दोन समीकरणं, एक आडव्या बळांचं आणि एक मोमेंटचं, एवढंच लागतं.

आता ब्रॉम्सकडे वळा. त्यांनी १९६४ साली चिकणमातीसाठी जी पद्धत दिली तिच्यात अंतिम प्रतिकार दर मीटरला नऊ गुणिले मातीची ताकद गुणिले व्यास, तुमच्या बाबतीत ८१० किलोन्यूटन प्रति मीटर. दुप्पट भारावर कमाल मोमेंट १९८६ आला असेल आणि त्याखालचा पट्टा ३.१३ मीटर. त्या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग एका बाजूने ८१० ने ढकलतो, खालचा अर्धा दुसऱ्या बाजूने. मधोमध शिअर किती? ८१० गुणिले १.५७, म्हणजे सुमारे १२७०! तुमच्या हातच्या गणितात हा आकडा पहिल्यापासून दडलेला होता. पद्धतीची सूत्रं लांबी आणि कमाल मोमेंट देऊन थांबतात, शिअर कुणी काढत नाही, आणि म्हणून प्रोग्रॅमने दाखवला की तो परका वाटतो. १२७० वर डिझाइन करा असं मी म्हणत नाही. तो माती पूर्ण हार मानते त्या क्षणाचा, दुप्पट भाराचा आकडा आहे. पण कमाल मर्यादा कुठे आहे ते कळतं.

पुढची गोष्ट महत्त्वाची. सर्व्हिस भारावरच्या उत्तराला १.५ ने गुणून अंतिम शिअर काढू नका. मातीचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो. भार वाढला की वरची माती आधी हार मानते, फिरण्याचा बिंदू खाली जातो, जोडीतलं अंतर आखडतं, आणि शिअर भाराच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. माथ्यावर ७५ आणि १३५० लावून प्रोग्रॅम पुन्हा चालवा आणि मोमेंट-शिअर त्या धावेतून घ्या. साडेपाचशेच्या पुढे काहीतरी येईल असा माझा अंदाज आहे.

आता क्षमता. गोल छेदासाठी अमेरिकी काँक्रीट संहिता एसीआय ३१८ रुंदी व्यासाएवढी आणि परिणामी खोली व्यासाच्या ०.८ पट धरू देतं, म्हणजे १२०० गुणिले ९६० मिमी. २०१९ च्या आवृत्तीत एक मोठा बदल झाला: किमान शिअर सळई नसेल तर काँक्रीटचा वाटा सळईच्या प्रमाणावर आणि छेदाच्या आकारावर कमी होत जातो. तुमचा छेद मोठा, सळई कमी. त्या सूत्राने, ताकद कमी करणारा ०.७५ गुणांक धरून, काँक्रीट एकटं सुमारे ३०० किलोन्यूटन पेलतं. किमान रिंगा दिल्या की हाच वाटा सुमारे ७३० होतो, आणि रिंगांची स्वतःची ताकद त्यावर वेगळी. मागणी साडेपाचशेच्या वर असताना हा फरक म्हणजे पास आणि नापास यांतला फरक आहे. ८ मिमी ३०० वर ही व्यवस्था एवढ्या रुंद छेदाच्या किमान रिंगांच्या निम्म्यातही बसत नाही. १२ मिमी १५० वर द्या. भारतीय काँक्रीट संहिता आयएस ४५६ ने तपासलंत तर काँक्रीटचा वाटा ४८० च्या आसपास येईल, बाकीचा रिंगांवर जाईल, आणि याच रिंगा तिथेही पुरतील.

आणि हे मी ठळक लिहीन: रिंगांमधलं अंतर खाली जाताना वाढवू नका. खांबाची सवय अशी की वर रिंगा दाट, खाली विरळ. लांब, लवचीक पाइलमध्ये ते चालतं, कारण तिथे खाली फारसं काही उरत नाही. इथे कमाल शिअर तळाकडच्या तिसऱ्या हिश्शात आहे. १५० वर सुरू केलंत तर तळापर्यंत १५०.

सळई. वाढीव भारावर मोमेंट १४०० च्या आसपास राहील. २५ मिमीच्या १६ सळ्या, ७५ मिमी कव्हर: छेदाच्या ०.६९ टक्के, क्षमता उभा भार न धरता सुमारे १५५०. एसीआय स्तंभासाठी १ टक्का मागतं, पण छेद गरजेपेक्षा मोठा असेल तर निम्म्या क्षेत्रफळावर मोजू देतं, म्हणजे ०.५. पाइलची भारतीय संहिता आयएस २९११ बोअर्ड (खणून ओतलेल्या) पाइलसाठी ०.४ म्हणतं. तुम्ही दोन्हींच्या वर आहात. सळ्या मध्येच तोडायच्या की नाही? ५ मीटरच्या पिंजऱ्यात मी तोडणार नाही. मोमेंट उतरतो हे खरं, पण तो उतरतो त्याच जागी शिअर चढतो आणि ताणातली सळई तिथे हवीच असते. वाचणारं पोलाद किरकोळ, पिंजऱ्यावर साइटला गोंधळ मात्र हमखास.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण ती या पिअरचं नशीब ठरवते. कमाल मोमेंट माथ्यापासून फक्त पाऊण मीटर खाली आहे. २५ मिमीच्या सरळ सळईला एम३० मध्ये पूर्ण ताकद घ्यायला सुमारे ११३० मिमी लांबी लागते. म्हणजे माथ्यापाशी संपणारी सळई पाऊण मीटरवर अजून पूर्ण कामाला लागलेलीच नसते! तिथला ताण अँकर बोल्टनी वाहायचा आणि हळूहळू सळईकडे सोपवायचा असतो. म्हणून बोल्टची काँक्रीटमधली लांबी नुसत्या बोल्टच्या उपटण्यावरून ठरवू नका. सळईची ११३० ची लांबी, त्यात बोल्टचं वर्तुळ आणि सळईचं वर्तुळ यांतलं आडवं अंतर, समजा १२५, आणि वरचं ७५ चं कव्हर: १३३० मिमी तरी हवेत. बोल्ट ८०० चे आले आणि पिंजरा ०.६९ टक्क्याचा, तर मधल्या पट्ट्यात ना बोल्ट पुरेसे ना सळई. माथ्याच्या पहिल्या १२५ मिमीमध्ये बोल्टांभोवती किमान दोन १२ मिमीच्या रिंगा वेगळ्या द्या.

स्टिफनेसचा प्रश्न इथे गौण आहे. मातीचा मापांक २५ मेगापास्कल धरून मी सापेक्ष स्टिफनेसची लांबी (पिअर मातीच्या तुलनेत किती ताठ ते सांगणारी) काढली: पूर्ण छेदाने ३.२ मीटर, ०.४ पटीने भेगाळलेल्या छेदाने २.५. तुमची लांबी पहिल्याच्या १.६ पट, दुसऱ्याच्या दुप्पट. दोन्हीकडे पिअर ताठ गटातच राहतो, वाकण्यापेक्षा फिरतो जास्त. लांबी साडेतीनपटीच्या पुढे असती तर मी भेगाळलेल्या छेदावर अडून बसले असते.

---

मातीचा नमुना

खोलपाया यांचा समतोलाचा मुद्दा निर्विवाद आहे. माझं म्हणणं मॉडेलमध्ये काय सुटतं त्याबद्दल.

तुमची लांबी व्यासाच्या ४.२५ पट आहे. पी-वाय पद्धती लांब, तुलनेने बारीक पाइलच्या चाचण्यांवरून घडल्या: मॅटलॉक यांचे मऊ चिकणमातीचे वक्र १९७० चे, रीस आणि वेल्श यांचे भूजल पातळीच्या वरच्या घट्ट चिकणमातीचे १९७५ चे. तिथे पिअरच्या बाजूवरचं उभं घर्षण मोमेंटला विरोध करतं हे धरलेलं नाही, कारण बारीक पाइलमध्ये ते नगण्य असतं. जाड पिअर फिरतो तेव्हा त्याची एक बाजू वर घासते, दुसरी खाली. हा विरोध दर मीटरला घर्षण गुणिले व्यासाचा वर्ग एवढा होऊ शकतो. मातीच्या ताकदीच्या निम्मं, ३७.५ किलोपास्कल, घर्षण धरलं तर ५४ किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर. वरचे १.८ मीटर सोडून उरलेल्या ३.३ मीटरवर सुमारे १८०. तुमच्या ९०० चा पाचवा हिस्सा! त्यात तळावरचा दाब आणि तळाचं घर्षण आणखी. ट्रान्समिशनच्या मोनोपोलांसाठी वापरली जाणारी एमएफएडी पद्धत म्हणूनच एकाऐवजी चार प्रकारच्या स्प्रिंग घेते. त्या धरल्या तर तुमचा ३४५ खाली येईल आणि माथ्याचं फिरणंही.

दुसरं, खडकाचा इशारा. तुमच्याकडे एकसंध माती आहे म्हणून आकडा विश्वासार्ह आहे. तोच पिअर मातीतून थेट कठीण खडकात दीड-दोन मीटर शिरला असता तर प्रोग्रॅमने खडकाच्या पृष्ठभागाखाली शिअरचा भयानक सुळका दाखवला असता. त्यातला काही भाग खरा, पण काही भाग मॉडेलचा असतो: स्टिफनेसची एका रेषेवर झालेली उडी, आणि तुळईच्या सूत्रात शिअरची विकृती न धरणं. तिथे खडकाचा वरचा झिजलेला थर वेगळा, मऊ धरून पुन्हा चालवायचं, आणि भार स्ट्रट-टाय पद्धतीने (आत दाबातले आणि ताणातले दांडे कल्पून) कसा जातो ते बघायचं. अशा ठिकाणी आकडा डोळे मिटून घेणं आणि डोळे मिटून टाकून देणं, दोन्ही घातक.

तिसरं, वारा एकदा येऊन जात नाही. घट्ट चिकणमातीत पिअर पुढेमागे हलला की माथ्यापाशी फट पडते आणि ती बुजत नाही. प्रोग्रॅममध्ये चक्रीय भाराचा पर्याय लावलाय ना? आणि माती ओल्या-कोरड्या ऋतूंत फुगणारी-आकसणारी असेल तर भेगांची खोली दीड व्यासापेक्षा जास्त असू शकते, तेवढी सगळी माती सोडा.

---

खोलपाया

बाजूच्या घर्षणाबद्दल पूर्ण सहमत, फिरण्याच्या गणितात ते जरूर घ्यावं. पण त्याच्या जोरावर रिंगा कमी करायला माझा विरोध आहे. ते घर्षण बोअर कसा खणला, भिंत किती वेळ उघडी राहिली, तिच्यावर काय लिंपलं गेलं यावर अवलंबून असतं. लांबी ठरवताना थोडा अंदाज चुकला तर खांब थोडा जास्त कलतो आणि ते दिसतं. शिअरमध्ये चुकला तर साडेतीन मीटर खोलीवर तिरकी भेग पडते, ती कुणाला दिसत नाही, आणि खांब वादळात पूर्वसूचनेशिवाय जातो. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून दोन्हींना एकच मोजपट्टी लावू नये.

---

ट्रिमी आणि केसिंग

डिझाइनवर बोलत नाही, ते वर झालंय. पण आडव्या भाराचा पिअर साइटवर तीन ठिकाणी हमखास बिघडतो आणि ड्रॉइंगवर चार ओळी जास्त लिहिल्या तर वाचतो.

सर्वांत जास्त नुकसान माथ्यापाशी होतं. वरची सैल माती ढासळते म्हणून कंत्राटदार मोठ्या व्यासाचा खड्डा घेतो, त्यात कागदी नळी किंवा पत्र्याचा साचा उभा करतो, काँक्रीट ओततो, आणि भोवतालच्या पोकळीत उकरलेली माती लोटतो. उभ्या भारासाठी कुणाला फरक पडत नाही. आडव्या भाराला त्या लोटलेल्या मातीचा काडीचा आधार नसतो. डिझायनरने तिथे ७५ किलोपास्कलची अखंड माती धरलेली असते. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा: काँक्रीट अखंड मातीला भिडूनच ओतायचं, साचा लावावाच लागला तर त्याभोवती पातळ सिमेंटचं ग्राउट किंवा कमी ताकदीचं काँक्रीट भरायचं, माती नाही. आणि साचा किती खोलीपर्यंत चालेल तेही लिहा, नाहीतर अर्धा पिअर साच्यात जातो.

केसिंगही तसंच. तात्पुरती केसिंग (भोकाची भिंत धरणारी पोलादी नळी) काढताना आत पुरेसं काँक्रीट उभं नसेल तर बाहेरचा चिखल आत येतो आणि मान आखडते, म्हणजे पिअर तिथे बारीक होतो. ती मान नेमकी फिरण्याच्या बिंदूजवळ आली तर वर सांगितलेला शिअर पेलायला छेदच उरत नाही.

पिंजरा. १६ सळ्या १.२ मीटर व्यासात म्हणजे मधली मोकळी जागा १७० मिमीच्या आसपास, उत्तम. रिंगा १५० वर, मोकळी जागा १३८. काँक्रीट पिंजऱ्यातून बाहेर कव्हरमध्ये जायला दोन्ही दिशांना १०० मिमी तरी हवेत, खडी २० मिमीच्या वर नको. बोअर कोरडा राहिला तर बरंच; पाणी किंवा स्लरी (भिंत धरणारं चिखलपाणी) असेल तर ट्रिमीनेच (तळापर्यंत पोचणाऱ्या नळीने) ओता, स्लंप (काँक्रीटचा प्रवाहीपणा) १८० ते २०० मिमी, आणि ट्रिमीचं तोंड ताज्या काँक्रीटमध्ये सतत बुडालेलं. अँकर बोल्टांचा टेम्प्लेट ट्रिमीच्या वाटेत येतो हे आधीच बघून ठेवा. बोल्ट १३३० चे झाले तर त्यांची खालची प्लेट पिंजऱ्याच्या आत एक पडदाच होते. ती अखंड चकती न करता कडं करा, मध्ये मोठं भोक ठेवून.

रिंगांची गाठ. गोल रिंगेची टोकं नुसती एकावर एक ठेवून तारेने बांधली तर कव्हर फुटल्यावर ती उघडते. टोकं १३५ अंशांत आत वळवा, किंवा सलग स्पायरल द्या. एवढा शिअर त्या रिंगेवर टाकणार असाल तर गाठीचं चित्र ड्रॉइंगवर हवंच.

कव्हरचे स्पेसर दर दोन-अडीच मीटरवर, प्रत्येक पातळीला चार तरी. पिंजरा एका बाजूला ५० मिमी सरकला तरी वारा कुठल्याही दिशेने येतो, आणि कमी पडलेली बाजू कधीतरी ताणात येतेच.

---

उभाखांब

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दोन समीकरणांचं गणित मी स्वतः मांडून पाहिलं, ३४६ आलं. वरिष्ठांसमोर ठेवलं. त्यांनी ते पुन्हा स्वतः केलं आणि मान्य केलं.

७५ आणि १३५० लावून, चक्रीय पर्यायासह, पुन्हा चालवलं. मोमेंट १३९५, शिअर ५७०. मग लांबी बदलून पाहिली. ५.७ मीटरला शिअर ५१५ पर्यंत उतरला आणि माथ्याचं फिरणंही स्पष्ट कमी झालं. ६.५ च्या पुढे मात्र फिरण्यात फारसा फरक दिसत नाही. ५.७ ठेवावं असा विचार आहे, रिंगा १२ मिमी १५० वर तळापर्यंत. बोल्ट १३५० चे, खाली कडं.

एकच राहिलं: फिरण्याची मर्यादा किती धरू? क्लायंटच्या तपशिलात काही नाही.

---

खोलपाया

५.७ योग्य वाटतं. लांबी वाढवून शिअर उतरवणं हा रिंगा दाट करण्यापेक्षा चांगला उपाय, कारण त्याने कलणंही आवरतं.

मर्यादा माथ्याच्या मिलीमीटरमध्ये न बघता खांबाच्या टोकाला काय होतं त्यावरून ठरवा. पाया अर्धा अंश फिरला तर १८ मीटर उंचीवर नुसत्या पायामुळे १५७ मिमी विस्थापन होतं, खांबाचं स्वतःचं वाकणं त्याव्यतिरिक्त. खांबावर काय बसणार आहे? दिवे असतील तर एवढं चालेल. दिशा धरून ठेवावी लागणारा अँटेना असेल तर उपकरणवाल्यांकडून किती अंश चालतील ते लेखी घ्या, त्यातून खांबाचा वाटा वजा करा, उरेल ती पायाची मर्यादा. वाऱ्यानंतर परत न येणारं फिरणं वेगळं तपासा. ते साठत जातं, आणि घट्ट चिकणमातीत फट पडल्यावर त्याचाच प्रश्न जास्त येतो. प्रोग्रॅममध्ये रोजच्या वाऱ्याचा भार लावून वरच्या दीड-दोन मीटरमध्ये माती तिच्या अंतिम प्रतिकाराच्या किती जवळ जाते ते बघा. निम्म्याच्या आत राहिली तर मी निश्चिंत असते.

आणि मातीच्या अहवालात ७५ हा आकडा किती खोलीवरच्या नमुन्यांचा आहे ते बघितलंत का? सगळे नमुने तीन मीटरच्या वरचे असतील तर तुमच्या पिअरचा तळाकडचा अर्धा भाग, म्हणजे जिथे उलटं बळ उभं राहायचंय तो, अंदाजावर उभा आहे. बोअर पिअरच्या तळाखाली किमान दोन व्यास गेलेला असावा. गेला नसेल तर काँक्रीटच्या आधी तो मागवून घ्या.